समाधानाचं रीडिंग: डोंबिवली ते येऊर

डोंबिवलीतल्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर सूचना लागली: ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराची आणि तलावपाळीची सहल, बस आणि जेवण फुकट, फक्त निघताना आणि परतताना एकेक फॉर्म भरायचा. मी वीजखात्यात एकतीस वर्षं मीटर तपासले. ज्या घरात वीजचोरी असायची, तिथं आधी चहा पुढे यायचा. फुकट जेवण वाचून मी लगेच ठरवलं, जायचं नाही. पण माझ्या बायकोनं, सुनंदानं, तोवर दोघांची नावं देऊन टाकली होती.

शनिवारी सकाळी सातला बस आली. सोबत श्रावणी नावाची मुलगी होती. म्हातारपणी मोकळा वेळ मजेत गेला तर माणसाचं समाधान वाढतं का, यावर ती कॉलेजात संशोधन करते म्हणे.

"शेवटी विकणार काय? प्लॉट की गाद्या?" मी सरळ विचारलं.

"काहीच नाही हो काका," ती हसली. हसली म्हणजे प्लॉटच, असं मी धरून चाललो.

रेशनकार्डापासून बँकेपर्यंत आमच्या घरातले सगळे फॉर्म मीच भरतो, ही सही करते. त्याच सवयीनं दोन्ही भरले. आयुष्याबद्दल समाधान दहापैकी किती? मला आठ, हिला नऊ. फावल्या वेळात काय आवडतं? हिच्यापुढे लिहिलं, टीव्ही आणि देवदर्शन. हिनं न वाचता सही ठोकली.

शीळफाट्याला बस थांबली. बाहेर नव्या टॉवरच्या जाहिराती. मी हिला कोपर मारलं, "बघ, आता सॅम्पल फ्लॅट दाखवतील." पण चढल्या त्या दिवा गावच्या दोघी बहिणी.

"आज नळाला पाणी यायचा दिवस, तरी सगळं सुनेवर टाकून आलोय बघा!" थोरली म्हणाली आणि हिच्या शेजारी बसली. मला मागची सीट मिळाली.

मुंब्रा बायपासला आणि पुढे कळव्यात ट्रॅफिक लागलाच. तुम्ही जाणार असाल तर सहालाच निघा. ठाणे स्टेशनवरून येऊरला बसही आहे, पण वेळा विचारून घ्या. वर झाडी दाट आहे, चालायला सावली भरपूर, माकडांपासून खाऊ जपा. पिठलं, भाकरी, ठेचा असं जेवण होतं. ते इतकं चांगलं होतं की माझा संशय आणखी वाढला.

चारच्या सुमाराला तलावपाळीला आलो. होडीचं तिकीट आपलं आपण काढायचं हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं. "चला ना हो," ही म्हणाली. पण सगळे पाण्यात गेल्यावर काठावरच्या पिशव्या कोण बघणार? मी थांबलो. ही त्या दोघींबरोबर गेली. तलावाच्या मध्यावरून हिचं हसू ऐकू येत होतं. इतकं मोठ्यानं हसताना हिला शेवटचं कधी ऐकलं होतं, ते काही आठवेना.

परतीला बसमध्ये श्रावणी माझ्यापाशी आली. "काका, सकाळचे दोन्ही फॉर्म एकाच अक्षरातले आहेत. काकूंचा मला धरता येणार नाही. आताचा त्यांनाच भरू द्या ना, प्लीज."

माझे कान गरम झाले. दाराला कुलूप दिसलं की मीटर न बघता अंदाजे रीडिंग टाकणाऱ्या पोरांना मी नोकरीत फैलावर घ्यायचो. इथं तर दार उघडं होतं आणि मी तेच केलं होतं.

मुंब्रा गेलं तरी ही लिहीतच होती. मी मागून मान उंचावून पाहिलं. फावल्या वेळात काय आवडतं, यापुढे लिहिलं होतं, 'मिळाला की सांगीन.' समाधान, दहापैकी चार.

डोंबिवलीत उतरलो. कुणी काही विकलं नाही, पुढे आठवडाभर कुणाचा फोनही आला नाही. त्या मुलीवर उगाच संशय घेतला, याची लाज वाटते. जागा छान आहेत, जरूर जा.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही मेथी निवडत होती. रात्रभर घोळवलेला प्रश्न शेवटी विचारला, "फक्त चार?"

"संध्याकाळ होती म्हणून चार," ही मान वर न करता म्हणाली. "सकाळी विचारलं असतं तर दोन."

ते दोन होडीत बसल्यामुळे वाढले, की होडीत मी नव्हतो म्हणून, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.