छतमामांची कंबर आणि सायकल

आमच्या गल्लीत कुणाचं दुखणं खरं आणि कुणाचं खोटं, हे डॉक्टर ठरवत नाहीत. न्हाव्याच्या दुकानाबाहेर बाकावर बसणारी मंडळी ठरवतात.

छतमामा रंगारी. भिंती कुणीही रंगवेल, पण छताला हात लावावा तो मामांनीच. सगळा जन्म गेला रंगाऱ्याच्या लाकडी घोड्यावर उभं राहून, मान मागे, कंबर मागे. शेवटी कंबरेनं हात टेकले. छताकडे ब्रश उचलला की खाली पाठीत अशी कळ यायची की मामा घोड्यावरून उतरून, ओणवे होऊन, गुडघ्यांवर हात टेकायचे. तेव्हा कुठे जिवात जीव यायचा.

"आता छत नको," एवढंच म्हणाले, तर ठेकेदार पेटला. ठेकेदार तरी कोण? मामींचा सख्खा धाकटा भाऊ. भिंतीच्या भेगांत लांबी कशी भरायची हे त्याला मामांनीच शिकवलेलं. पण ठेकेदारी आली की नाती जुन्या रंगासारखी खरवडून निघतात.

"दाजी, कंबर दुखते म्हणता आणि सायकल तर ऐटीत हाणता," तो सगळ्या कारागिरांसमोर म्हणाला. "छत करायचं नसेल तर घरीच बसा."

सायकलचं खरं होतं. हँडलवर वाकून मामा वाऱ्यासारखे जायचे. बाकावरच्या मंडळींना तेवढंच चघळायला मिळालं. न्हावी तर म्हणे, "असलं दुखणं आम्हालाही द्या बुवा."

डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, मणक्यांच्या मागचे बारके सांधे झिजलेत, संधिवात आहे. मागे वाकलं की ते एकमेकांवर दाबले जातात, पुढे वाकलं की मोकळे होतात. म्हणजे सायकलवर आराम आणि छताखाली मरण. मेहुण्याला हे सांगितलं तर म्हणतो, "डॉक्टर काय, म्हणाल ते लिहून देतात."

मग मामी स्वतः कामावर गेल्या. भाऊ हॉलमध्ये कारागिरांवर खेकसत उभा होता.

"हात वर कर आणि छताकडे बघ," मामी म्हणाल्या.

"काय झालं ताई?"

"बघ म्हणते ना. आता माझ्याशी बोल. मान खाली करायची नाही."

कारागिरांचे ब्रश थांबले. मामींना घाई नव्हती. लहानपणी त्याला खांद्यावर कोण मिरवायचं, रुसून गेलेली त्याची बायको कुणी समजूत घालून आणली, सगळं निवांत काढलं. मधेच ठेकेदाराचा एक हात गुपचूप कंबरेवर आला.

"वर," मामी म्हणाल्या.

"पुरे ना ताई, अवघडलो."

"एवढ्यात? त्यांनी तर जन्म काढला असा."

दुसऱ्या दिवसापासून मामा बुटक्या स्टुलावर बसून दारं-खिडक्या रंगवतात. छताला दुसरा माणूस आलाय. आणि ठेकेदार गल्लीभर सांगत फिरतो, दाजींचं वय झालं, दया आली म्हणून हलकं काम दिलं.

दया म्हणे. ज्याच्या कंबरेवर धंदा उभा केला, त्याच्यावरच दया. मामांना विचारलं तर म्हणतात, "जाऊ दे, काम तर सुटलं नाही ना." मामा जाऊ देतात. माझ्याच्यानं जाऊ देववत नाही.