उजेडाची नऊवारी

भोपाळमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांत वर्षानुवर्षं माझं काम एकच होतं: विंगेत उभं राहून दुसऱ्या बायकांना नऊवारी नेसवणं. तोंडात पिना धरलेल्या असत, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. यंदा मंडळाने साडीच्या गेल्या शंभर वर्षांवर नाटक करायचं ठरवलं आणि त्यात मला चक्क स्वगत मिळालं. मी घरी येऊन सगळ्यात आधी सासूबाईंना सांगितलं, कारण लिहिलं मी असलं तरी गोष्ट त्यांची होती.

सासूबाई आता नव्वदीला टेकल्यात. नवं राज्य झालं, भोपाळ त्याची राजधानी ठरलं आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्या भोपाळला हलल्या, तेव्हा सासरे फायलींबरोबर इकडे आले. सोबत सासूबाई आल्या आणि त्यांच्या सासूही आल्या. इथे सासूबाईंना शाळेत नोकरी लागली. घरून त्या नऊवारी लुगड्यात निघायच्या, वाटेत मैत्रिणीकडे जाऊन गोल पाचवारी नेसायच्या आणि संध्याकाळी पुन्हा लुगडं नेसून घरी यायच्या. एका संध्याकाळी मैत्रिणीच्या दाराला कुलूप होतं. त्या तशाच पाचवारीत घरात शिरल्या. पुढे काय झालं ते त्यांनी मला एकटीला सांगितलं होतं. आता ते स्टेजवर ऐकायला मिळणार म्हणून नेहरू नगरातल्या आमच्या गल्लीत त्यांनी भाजीवाल्यासकट सगळ्यांना आमंत्रण दिलं.

दिग्दर्शक होता अध्यक्षांचा भाचा, दिल्लीहून नाटक शिकून आलेला. पहिल्याच दिवशी त्याने जाहीर केलं की कपडे हे रंगभूमीवरचं ओझं आहे. हे सांगताना त्याच्या अंगावर काळा कुर्ता, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, गळ्यात दोन गमछे आणि एका कानात बाळी होती. ओझं फक्त आमचंच होतं.

त्याची कल्पना अशी की सगळ्या बायकांनी पांढरा पायजमा-झब्बा घालायचा, मागे पांढरा पडदा आणि साड्या प्रोजेक्टरने अंगावर पाडायच्या. अध्यक्षांनी एम. पी. नगरातल्या एका कोचिंग क्लासमधून प्रोजेक्टर उसना आणला. त्यात क्लासचीच चित्रं उरली होती, म्हणून माझ्या अंगावर पहिली साडी आली ती बेडकाच्या पचनसंस्थेची. दिग्दर्शकाला ती फार आवडली. ठेवायची का, यावर अर्धा तास चर्चा झाली.

मग माझ्या आकाराची, हिरव्या रंगाची, काठपदराची नऊवारी तयार झाली. ती चोपून बसायची, पण माझ्यासाठी जमिनीवर चिकटवलेल्या पट्टीवरून मी जरा जरी हलले तरी काठ माझ्याच नाकावर यायचा. हात हलवायचा नाही, मान वळवायची नाही. शिंक आली तर गिळायची. बोलताना पोट हलतं आणि निऱ्या बिघडतात, असं लक्षात आल्यावर त्याने माझं स्वगत छाटायला घेतलं. दर तालमीला चार ओळी जायच्या. प्रयोगाच्या दिवशी दुपारी उरलेल्याही गेल्या.

“काकू, डायलॉग ही पुरानी फॅशन आहे,” तो म्हणाला. “आता बॉडी बोलते.”

माझी बॉडी माझ्या माहितीप्रमाणे फक्त गुडघेदुखीबद्दल बोलते. मी चिडले, वाद घातला, पण अध्यक्षांनी भाच्याच्या बाजूने मान हलवली. घरी सासूबाई तोवर पाटल्या घालून तयार होऊन बसल्या होत्या. त्यांना हे सांगणं मला जमलं नाही.

पडदा उघडला. पांढऱ्या कपड्यांत रांगेने उभ्या आम्हा बायकांना पाहून एका काकूंनी शेजारणीला विचारलं, कोण गेलं म्हणून. मग माझ्यावर नऊवारी पडली. टाळ्या झाल्या. मी पट्टीवर उभी होते आणि पहिल्या रांगेत सासूबाई हात जोडून वाट बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी कानातलं यंत्र चाचपलं. ते शिट्टी वाजवू लागलं. त्यांनी ते काढलं, झटकलं, परत घातलं. राग आला की त्यांचं नागपूर बाहेर येतं, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा आवाज मोठा असतो.

“यंत्र तर बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “मग ही बोलत काहून नाही?”

सगळं सभागृह हसलं. मला हसू आलं नाही, रडू आलं. मी पट्टी सोडली, बाजूला झाले आणि पुढे येऊन सासूबाईंच्या तोंडचं स्वगत बोलू लागले.

“पाचवारी नेसून मी घरात शिरले. सासूबाईंनी वर पाहिलं, काही विचारलं नाही. माझी सगळी लुगडी ट्रंकेतून काढली आणि गोधडीला घेतली. तो राग होता की परवानगी, मला आजपर्यंत कळलं नाही.”

सभागृह शांत झालं. मला कळेना, मी एवढं काय बोलले. मग मागे वळून पाहिलं. मी निघून आले होते, पण नऊवारी तिथेच पडद्यावर उभी होती, आत कोणी नसलेली. कबूल करते, दृश्य सुंदर होतं.

दिग्दर्शकानेही ते लगेच कबूल केलं, स्वतःच्या नावावर. नाटकाला दिल्लीच्या महोत्सवाचं बोलावणं आलं, तेव्हा तो आमच्या घरी आला. सगळं जसंच्या तसं हवं होतं त्याला: मी गप्प उभं राहायचं, आजींनी पहिल्या रांगेतून विचारायचं, यंत्राची शिट्टीसुद्धा वाजवायची. आजींचं तिकीट मंडळ काढणार होतं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“माझ्या सासूनं मला एका शब्दानं विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी हिला विचारलं. ते नाटक नव्हतं, बाळा.”

मग खिशातून मोबाइल काढून त्याने त्यांच्यासमोर धरला. “आजी, हे परत एकदा बोला ना.”

सासूबाईंनी कानातलं यंत्र काढून चहाच्या कपाशेजारी ठेवलं.