डोमाभाऊने तेल चोरलं नव्हतं

डोमाभाऊ तेलचोर नव्हता.

आज सकाळी तो पवनीला वारला. RIP लिहायच्या आधी एवढं वाचा.

दुपारी तहसील ऑफिसच्या जुन्या लोकांच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "आपला तेलचोर गेला." खाली हसरे चेहरे आणि मग जोडलेले हात.

माणूस अजून सरणावर होता. हात जोडण्याआधी जीभ विसळायची होती.

मी ऑफिसचा नाही. माझा पवनीत लेथचा कारखाना होता आणि त्यांच्या बोटीचं काम माझ्याकडे यायचं, म्हणून त्या ग्रुपात आहे. आजपर्यंत होतो म्हणा.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. वैनगंगेच्या पुरासाठी ऑफिसला एक मोटरबोट मिळाली. डोमाभाऊ तिचा ड्रायव्हर. मासेमार ढिवराचा पोरगा, चालायच्या आधी पोहलेला.

त्या बोटीचं इंजिन आत, आणि पंखा फिरवणारा गिअरचा भाग मागे बाहेर, पाण्यात. नाव स्टर्नड्राइव्ह. आम्ही शेपूट म्हणायचो. शेपटीत गिअर ऑइल आणि पंख्याच्या शाफ्टवर एक रबरी सील. तेल बाहेर जाऊ द्यायचं नाही, पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच सीलचं काम.

ते सील टिकेना.

साहेबाने तेल तपासलं तर ताकासारखं पांढरं.

"तेल विकतोस आणि वरून पाणी ओततोस? गवळी आहेस काय?"

सगळं ऑफिस हसलं. नाव पडलं ते पडलंच.

डोमाभाऊ शेपूट बैलबंडीत टाकून माझ्याकडे आला. "मिस्त्री, पाणी कुठून येऊन राह्यलं ते दाखव. मले माह्यं नाव परत पाहिजे."

खोललं. आधीच्या कुण्या हुशाराने शाफ्टवर टोकदार पंचचे ठोके मारून, उंचवटे उठवून सैल बेअरिंग घट्ट बसवलं होतं. आपल्याकडे ही सगळ्यांची लाडकी युक्ती. बेअरिंग बसतं, पण वाकडं बसतं. मग शाफ्ट डुगडुगतो आणि सीलची कड खातो.

मला वाटलं, सापडला चोर.

शाफ्टवर वेल्डिंगने भर घातली, लेथवर मापात उतरवला, बेअरिंग गरम तेलात तापवून बसवलं. नवं सील. हाताने फिरवून पाहिलं, शाफ्ट जराही हलेना.

बोट पाण्यात गेली. थोड्याच दिवसांत तेल पुन्हा पांढरं.

मी डोमाभाऊवर भडकलो. माझं फिटिंग चुकणार नाही, अशी माझी घमेंड. तो माझ्यावर भडकला. त्याच रागात आम्ही पंखा काढला.

पंख्याच्या मागे शाफ्टला तंगूस गुंडाळलेला. मासे धरायच्या जाळ्याचा तो बारीक नायलॉनचा दोरा, आवळत आवळत थेट सीलमध्ये घुसलेला. सीलची कड कापलेली. आणि दोऱ्यात अडकलेली झेंडूची एक पाकळी.

डोमाभाऊने दोऱ्याची गाठ बोटांत धरली आणि उजेडात फिरवून पाहिली.

"हे गाठ आमच्या घरची हाये."

सगुणावहिनी, त्याची बायको. दुरुस्तीनंतर बोट पाण्यात लोटताना नारळ फोडायचे, कुंकू लावायचे आणि पंख्याला हार घालायचे. राबतो पंखा, म्हणून मान पंख्याचा, पोळ्याच्या बैलासारखा. पंखा फिरला की फुलं नदीभर उडायची, लोक टाळ्या वाजवायचे. हार वहिनीच्या हातचा. घरात जाळी विणायचा तंगूस पडलेला, ती त्यातच ओवायची. पक्का राहतो म्हणून.

फुलं नदीत जायची. दोरा सीलमध्ये.

मी ते वेटोळं उचललं आणि ऑफिसला निघालो. साहेबाच्या टेबलावर आपटणार होतो. डोमाभाऊने माझी कॉलर धरली.

"कोणाले सांगू नोको."

"काहून? तुले चोर म्हणून राह्यले ते!"

"तिचे दोन लेकरं गेले, मिस्त्री. गल्लीतल्या बाया तिले हळदीकुंकवाले बलावत नाही. अपशकुनी हात म्हणते. एका बोटीपाशी तिच्या हाताले मान हाये. आता हेही तिच्याच हातानं बिघडलं म्हणून सांगू? मी चोर तं चोर."

आणि ते वेटोळं त्याने माझ्या भट्टीत टाकलं.

घरी जाऊन वहिनीला म्हणाला, "बोटीचं तोंड समोर असते. हार तोंडाले घालत जा."

मी पुन्हा नवं सील टाकलं, तिने हार तोंडाला घातला. पुन्हा तेल कधी पांढरं झालं नाही.

आता इथे माझं डोकं फिरतं. ऑफिसने काय म्हणावं? "बघा, दम दिला तशी चोरी थांबली."

सीलगळती थांबली, हाच त्याच्या चोरीचा पुरावा ठरला. पुढे रिटायर होईपर्यंत तेलाच्या डब्याला कुलूप, आणि तो तेल भरताना शिपाई समोर उभा. त्याच बोटीने त्याने पुरातून माणसं काढली. तेव्हा कुणाला तेल आठवलं नाही.

त्या साहेबाचा राग येतो. त्या बायांचा येतो, ज्यांनी लेकरं गेलेल्या आईला वाळीत टाकलं.

आणि डोमाभाऊ, तुझा सगळ्यात जास्त. मागच्या वर्षी वहिनी गेली. मी म्हटलं, आता तरी सांगू दे. तू म्हणालास, "ती वरून आयकून राह्यली असन."

आता तू तिच्यापाशी गेलास. तिची समजूत तू घाल. मी गप्प बसणार नाही.

आज घाटावर न्यायला झेंडूचा हार घेतला. हल्ली बाजारात सगळे हार तंगुसातच ओवलेले मिळतात. दुकानासमोरच तो तोडला, घरी आलो आणि एकेक फूल सुती दोऱ्यात ओवलं. वेळ लागला. जमला तसा तुझ्या छातीवर ठेवला.

माझी श्रद्धांजली तेवढीच. जा भाऊ, नदी तुझीच आहे.