जांभळी करंगळी

पल्स पोलिओच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कागलच्या पुढं, ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या झोपड्यांवर, म्हणजे कोप्यांवर गेलो. मी नर्स, सोबत गावातली आशाताई. टोळी दुपारच्या आत हद्द ओलांडून कर्नाटकात जाणार होती. एकदा ट्रॅक्टर पलीकडं गेला की कुठल्या फडात कुठलं पोर, देव जाणे! त्याआधी डोस पाजायचे होते.

धुकं होतं. चुली विझलेल्या. एक पोर रडेना, कुत्रं भुंकेना. कोप्यांपुढं पोरं ओळीनं बसली होती आणि प्रत्येकानं डावी करंगळी आमच्याकडं धरली होती. प्रत्येक करंगळीवर जांभळी खूण, डोस पाजल्यावर आम्ही लावतो तशी.

"झालंय की सगळ्यांचं. चला बाई," आशाताई म्हणाली. तिलाही तिथं थांबवेना.

पण एका आईच्या मांडीवर आदल्या रात्रीच जन्मलेलं बाळ होतं. नाळ अजून ओली. त्याच्याही करंगळीला खूण! आमच्याआधी इथं कोण येऊन गेलं?

"कुणी लावलं हे?" मी ओरडले.

मग कोपीतून काहीतरी जमिनीलगत सरकत आलं. मला कुत्रंच वाटलं. बाळाची आजी होती ती. दोन्ही पाय वाळलेले, हातांवर चालत होती. बोटं जांभळी. तोंड आल्यावर लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली कनवटीला.

"म्या लावलंय. खूण दिसली की ती येत न्हाई."

"ती कोण?"

"पाय नेणारी. माझं पाय नेलं तवा बोटाला खूण नव्हती."

माझं डोकंच फिरलं. स्टँडवर, नाक्यावर खूण असलेल्या पोरांना आम्ही सोडून देतो, ते हिनं बघितलेलं. "अव्वा, राखण थेंब करतात, शाई न्हाई! खूण आमच्यासाठी असती."

आशाताईनं बाकीच्या पोरांना भराभरा पाजलं. बाळाला मात्र म्हातारीनं छातीशी आवळून धरलं. एका दिवसाच्या जिवाला औषध सोसायचं न्हाई म्हणे. तिकडं ट्रॅक्टर चालू झाला.

"अव्वा, ते दुखणं आपल्या देशातनं कधीच गेलंय. दोनच थेंब, घाबरू नका."

"गेलंय?" ती माझ्याकडं बघत राहिली. "मग दारोदार कुणाला हुडकताय?"

गोड बोलायचा मला कंटाळा आला. "ती पाय नेणारी गेली न्हाई, अव्वा. देशाच्या सरहद्दीपलीकडं हाय अजून. माणसांबरोबर येती. कुठल्या पोराला थेंब मिळाले न्हाईत, तेवढंच बघती."

"व्हय की," ती शांतपणे म्हणाली. "मला वाटलं, मलाच दिसती."

आणि तिनं स्वतःच बाळाचं तोंड उघडलं. मी थेंब टाकले. म्हातारी बाळाकडं बघत नव्हती. ती माझ्या खांद्यामागं बघत होती.