वांग्याचं बी आणि पाच उंदीर

महाराष्ट्र झाला त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमधली शेवटची परीक्षा देऊन डोणगावला घरी आले. माझं मराठी पुस्तकी. तोंड उघडलं की काकू हसायच्या. म्हणून मी न बोलता कामं करायची. असंच एकदा स्वयंपाकघर आवरताना चुलीवर टांगलेलं, काजळीनं काळं झालेलं एक गाठोडं खाली काढलं, झटकलं आणि कोनाड्यात नीट ठेवलं.

त्यात आईचं वांग्याचं बी होतं. राख लावून मुद्दाम धुरात टांगलेलं, कारण धुरात उंदीर येत नाही. मला हे ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी कोनाड्यात कुरतडलेलं फडकं आणि टरफलं तेवढी उरली. वाण आईच्या माहेरचं, आणि रोपं टाकायला पंधरा दिवस राहिलेले. वडील म्हणाले, बाजारातून आणू. आईनं फडकं चुलीत टाकलं. मी टरफलं गोळा करून ठेवली, पण गाठोडं मी काढलं होतं हे सांगितलं नाही.

आमच्याकडे पिंजऱ्यात सापडलेला उंदीर नाल्यापलीकडे सोडत, गणपतीचं वाहन म्हणून. काकू म्हणायच्या, आपल्या आधी तोच घरी पोचते. मी तेल लावलेला भाकरीचा तुकडा अडकवला, आणि सापडलेला उंदीर पिंजऱ्यासकट बादलीत बुडवला. बुडबुडे थांबेपर्यंत बघत राहिले. बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुसरा. चौथ्यापर्यंत मी बादली आधीच भरून ठेवू लागले. पाचव्याच्या पुढ्यात मी आधी ती टरफलं टाकली. हुंगायला त्यानं तोंड पुढे केलं, तेव्हा बुडवला.

मागे आई उभी होती. तिनं पिंजरा माझ्या हातातून काढून घेतला.

"गाठोडं काही उंदरानं नाही काढलं खाली," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, तिला माहीत नाही.

"दुसरबीडले मामाकडं तू जाय. बी माग. अन् काऊन मागाले आली, तेही तूच सांगजो."

कुणाकडे पाणी मागायचीही मला लाज वाटायची, हे तिला ठाऊक होतं. एसटीत बसल्यापासून मी वाक्यं जुळवत होते. गाठोडं मी काढलं, चूक माझी, आईचा दोष नाही. मामींनी बी माझ्या पदराच्या गाठीत बांधून दिलं, आणि मगच विचारलं, पहिलं कुठं गेलं?

"उंदरांनी खाल्लं," मी म्हणाले. "मी पाच मारले."