चौदाव्या मजल्यावरचं दार

दादा मुंबईच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर चढला आणि कंपनीनं त्याला मलबार हिलवरच्या नव्याकोऱ्या उंच इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, फ्लॅट दिला. आबांच्या छातीचं दुखणं आमच्या तापीकाठच्या गावात कोणाला उमगेना, म्हणून बासष्ट-त्रेसष्टच्या उन्हाळ्यात आबा, माय आणि मी नंदुरबारहून गाडीत बसलो. तिथं पायाखाली संगमरवर, समोर समुद्र, लिफ्टवर टोपीवाला माणूस. आबा म्हणाले, "आठे सम्दं चांगलं शे, पन बोलानं कोनासंगे?"

महिनाही झाला नाही आणि आबा गेले. उन्हाचे दिवस, गाव लांब. दादानं त्याच संध्याकाळी तिथंच अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायनं दार सताड उघडलं, आत सतरंजी टाकली आणि पदर कपाळावर ओढून बसली. माणूस गेलं की आमच्याकडे दार उघडंच राहतं. शेजारची बाई गल्लीच्या तोंडापासूनच हेल काढत येते, घरच्या बाईच्या गळ्यात पडते, मग दोघी मिळून रडतात. घरच्या बाईनं आपणहून सुरुवात करायची नसते. निदान मायची तशी पक्की समजूत होती, आणि तिच्या समजुतीपुढे आबांचंही कधी चाललं नव्हतं.

लिफ्टची जाळी खडखडली की माय सावरून बसायची. माणसं उतरायची, समोरच्या फ्लॅटमध्ये शिरायची, दार लावून घ्यायची. दादाच्या ऑफिसातली मंडळी आली ती सतरंजीला वळसा घालून सोफ्यावर बसली, दादाशी हळू आवाजात इंग्रजी बोलली आणि पाणी पिऊन गेली. बायकांनी मायकडे बघून नुसत्या माना हलवल्या. असा संताप आला मला! खरं तर त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना कोणी सांगितलं होतं?

शेवटी मीच मायच्या गळ्यात पडले. तिनं माझे हात सोडवले.

"तू घरनी शे," ती म्हणाली. "बाहेरनी बाई येवाले जोयजे."

तिसऱ्या दिवशी इमारतीच्या मॅनेजरचा निरोप आला, दार बंद ठेवावं, येणाऱ्याजाणाऱ्यांना बरं दिसत नाही. दादानं दार लावलं. वर कडीही घातली. मायनं सतरंजीची घडी केली.

दहावं उरकून आम्ही गावी आलो. बैलगाडी नीट थांबलीही नव्हती, तोच शेजारची काकू हंबरडा फोडत धावत आली आणि तिनं मायला मिठी मारली. मला हायसं वाटलं. आता तरी ही मोकळी होईल.

मायनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि कोरड्या आवाजात म्हणाली, "रडू नको, बहीन. मन्हं रडनं व्हई गये."

इतके दिवस मी तिच्यापासून हलले नव्हते. ती एकदाही रडली नव्हती.