नेव्हने आधी काय बदललं

"एवढं एक बदललं की झालं, मग मी गप्प बसतो."

नेव्ह क्वार्म्बी हे इतक्या वेळा म्हणायचा की आमच्या वॉराबिन गावात कुणी नळाचा वॉशर बदलला तरी लोक तेच वाक्य म्हणून हसत. गप्प बसलेला नेव्ह मात्र कुणी पाहिला नाही. आम्ही दोघं कौन्सिलच्या रस्त्याच्या टोळीत होतो. तो रस्ता सपाट करणारं ग्रेडर यंत्र चालवायचा, मी मागून खडीचा ट्रक घेऊन यायचो. चहाच्या सुट्टीत बाकीचे सावलीला पाय पसरत. हा उभ्यानेच कप हेलकावत आभाळाच्या कडेकडे बघत राही, जणू त्या सपाट गव्हाच्या रानात त्याचं काहीतरी विसरून राहिलंय.

आमच्या सार्वजनिक हॉलमध्ये एक लाकडी फळी आहे. वसंतातली सायकलची मोठी शर्यत जो जिंकेल त्याचं नाव तिच्यावर सोनेरी रंगाने लिहितात. नेव्हच्या बापाचं, स्टॅनचं नाव तिथे आहे. नेव्हचं नाही. तो दुसरा आलाय, तिसरा आलाय, एकदा तर टायरच्या रुंदीएवढ्या अंतराने हरलाय. आणि त्या हिवाळ्यात डॉक्टरने सांगितलं की डावा गुडघा बदलावा लागेल. नंतर सायकल खुशाल चालव, पण शर्यत विसर. म्हणजे येता वसंत हा शेवटचा. तेव्हापासून नेव्हला दुसरं काही सुचेना. सायकलीवर आधी काय बदलायचं, एवढं एकच.

यात एक अडचण होती. आमच्या शर्यतीत सगळ्यांत हळू माणूस आधी सुटतो, सगळ्यांत वेगवान शेवटी, आणि जो आधी पोचेल तो जिंकतो. कुणाला किती आधी सोडायचं ते वॉर्नॉकबाई ठरवतात. बाईंनी अर्ध्या गावाला पाढे शिकवलेत, त्यामुळे त्यांच्या हिशोबावर कुणी ब्र काढत नाही. मागच्या वर्षी डूगल फ्रीबर्न नवी चकचकीत चाकं लावून आला. बाईंनी चष्मा वर सरकवला, "छान आहेत हं," म्हणाल्या, आणि त्याची आघाडी निम्म्यावर आणली.

तेव्हा नेव्हपुढे प्रश्न दोन होते. कशाने वेग वाढेल, आणि बाईंना काय दिसणार नाही.

बेकरीत त्याची बायको ग्लेनिस काउंटरवर असते. शनिवारच्या सायकलफेरीनंतर आम्ही तिथेच मटणाचे पॅटिस खात बसायचो, म्हणजे आम्ही बसायचो आणि नेव्ह खुर्चीमागे येरझाऱ्या घालायचा.

"चाकं आधी," डूगल म्हणाला. "जे फिरतं त्याचं वजन कमी करायचं."

"टायर," मी म्हणालो. "आपला रस्ता बघ. दात हलतात त्यावर."

"त्यावरची खडी तूच टाकलीस ना रे?"

"म्हणून तर सांगतोय."

"आधी पोट बदला," ग्लेनिस काउंटरवरून ओरडली. "मग गुडघा. सायकलीचा नंबर त्याच्यानंतर."

"गुडघा शर्यतीनंतर," नेव्ह म्हणाला.

"आणि पोट?"

"पोट चढावर नडतं. आपल्याकडे चढ आहे कुठे?"

त्याने टायर घेतले. रुंद, मऊ, कमी हवेवर चालणारे. बाईंना कळू नये म्हणून सँडपेपरने त्यांच्यावरचं नाव घासून काढलं आणि वरून शेडमागची लाल माती चोळली. पहिल्या सकाळी मी त्याच्या शेजारून सायकल चालवत होतो. दवाने भिजलेला गहू, कुंपणाच्या तारेवर बसलेले गुलाबी काकाकुवे, आणि नेव्हच्या सायकलीचा आवाजच नाही. रस्ता त्याच्याखाली एकदम निमूट झाला होता.

"लोण्यावरून चाललोय रे," तो म्हणाला. त्याचा चेहरा मी तसा मोकळा कधी पाहिला नव्हता.

"मग आता थांब. हेच हवं होतं."

"थांबतोच. फक्त पेडलजवळचं बेअरिंग जरा खरखरतंय. एवढं एक..."

बेअरिंग झालं. मग साखळी. मग हँडलवरची पट्टी, जी कुणालाच कुठे नेत नाही. ग्लेनिस सांगायची, जेवता जेवता उठतो, शेडमध्ये जातो, चाक फिरवून कान लावतो, परत येतो तोवर बटाटे गार. शेवटी एक मोठं खोकं आलं आणि ते लोकरीच्या रिकाम्या पोत्यांखाली गेलं. आत काळी चाकं होती, हलकी, त्यांच्या कडा माझ्या पंज्याएवढ्या रुंद. नेव्हचा बेत साधा होता. बाईंनी आघाड्या जाहीर केल्या की मगच ती लावायची.

गुरुवारी हॉलमध्ये बाईंनी नावं वाचली. नेव्हला त्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त आघाडी मिळाली. तो मला कोपराने ढोसत बाहेर घेऊन आला.

"ऐकलंस?"

"ऐकलं. जुन्या चाकांवर जिंकशील तू. ती खोक्यातली राहू दे."

"मुद्दाम आणलीत ती."

"चालवून तरी बघितलीस का?"

"कुठे चालवू? गावात बाईंचे डोळे, गावाबाहेर बाईंचे विद्यार्थी."

शेडभोवती अंधारात दोन चकरा, एवढीच त्याची तालीम.

रविवारी उत्तरेचा वारा सुटला होता. आमच्याकडे वसंतात तो सुटतो, वाळवंटाकडून गरम येतो आणि दिवसभर थांबत नाही. या दिवसांत मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालतात म्हणून सगळ्यांच्या हेल्मेटवर प्लॅस्टिकचे पट्टे काट्यांसारखे उभे केलेले, तेही वाऱ्याने आडवे झाले होते. मी धान्याच्या कोठाराजवळच्या वळणावर निशाण घेऊन उभा होतो. तिथवर रस्ता सरळ दक्षिणेला येतो, आणि तिथून काटकोनात पूर्वेला वळतो.

नेव्ह एकटाच पुढे आला. पाठीवर वारा होता आणि ती चाकं गात होती. खरंच, मोठ्या शंखाला कान लावल्यावर येतो तसा घुमणारा आवाज. तो माझ्याकडे बघून हसला आणि वळला.

वळला, आणि वारा बाजूने आला. त्या रुंद कडांत तो शिडात भरतो तसा भरला. पुढचं चाक रस्ता सोडून कुंपणाकडे निघालं. नेव्हने ते ओढून आणलं, ते पुन्हा निघालं. पेडल मारायचं सोडून तो नुसता हँडल धरून बसला, बिथरलेल्या घोड्यावर बसावं तसा. एकदा पाय टेकला. डावाच. त्याची किंकाळी वाऱ्यातूनही मला ऐकू आली. मग मागचे आले. डूगल जाताना ओरडला, "नेव्ह, उतर बाबा, पडशील!" तो उतरला नाही. पण सगळे त्याला ओलांडून गेले.

हॉलसमोर चहा आणि खोबऱ्यात घोळवलेला केक मांडला होता. डूगलचं नाव लिहायला आत रंगाचा डबा उघडत होते. बाई खुर्चीतून उठून नेव्हजवळ आल्या.

"क्वार्म्बी, ही चाकं कधीची?"

"आजचीच, बाई."

"आणि टायर?"

नेव्ह टायरवरून अंगठा फिरवू लागला.

"माती वाळली की झडते रे. घासलेलं मला हिवाळ्यातच दिसलं होतं. चांगले आहेत टायर. पहिल्यांदाच काहीतरी अक्कल वापरून घेतलंस, म्हणून तुझी आघाडी कापली नाही. वर गुडघ्यासाठी थोडी वाढवली. जुन्या चाकांवर पुरली असती ती."

"पुरली असती?"

"मला तरी तसं वाटलं होतं."

नेव्ह फळीकडे बघत राहिला. उघड्या दारातून ती दिसत होती. मग माझ्याकडे वळून तो म्हणाला, "पण वारा पाठीवर होता तेव्हा बघितलंस ना मला? कसला जात होतो मी!"

"बघितलं."

ग्लेनिसने गाडीचं मागचं दार उघडून धरलं होतं. "सायकल टाक आत. उद्या डॉक्टरला फोन करायचाय."

"चालत येतो," तो म्हणाला. "पाय मोकळा होईल."

तो सायकल ढकलत निघाला. सायकलीच्या बुटांचा टकटक आवाज, एक पाय ओढत. मोकळ्या मैदानात पोचला तशी वाऱ्याने त्याचं पुढचं चाक कुंपणाकडे वळवलं. त्याने ते सरळ केलं. वाऱ्याने पुन्हा वळवलं, त्याने पुन्हा सरळ केलं. ग्लेनिस दार धरून तशीच उभी राहिली, बाईंच्या हातातला चहा गार होत गेला, आणि मी निशाण गुंडाळायचं विसरून, तो बेकरीच्या कोपऱ्याआड होईपर्यंत त्याच्याकडे बघत होतो.